मंगलची खुर्ची

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दाराची बेल. चिमणीसारखी चिवचिवणारी बेल आहे, इंदिरानगरच्या या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हापासूनची. दोन-चार दिवस मुकी झाली होती. माझी एक जुनी खोड आहे. सकाळी डेअरीतून दूध घेऊन आलो की किल्ली खिशात असली तरी मी बेलच दाबतो. आतून ही ओरडणार, "किल्ली काय पूजेला ठेवलीय का?" आणि तरी येऊन दार उघडणार. बेल बंद पडल्यापासून मी कडी वाजवत होतो. ही म्हणाली, "पोलिसासारखं दार काय बडवता? काढा ती बेल, बघू तिला काय झालंय."

पोहे खाऊन झाल्यावर टेबलावर पेपर अंथरला आणि बेल खोलली. आतल्या बोर्डावरून एक तार सुटलेली होती. मी सोल्डरचं आयर्न तापत ठेवलं आणि विचारलं, "मी लावू का?" ही एका चष्म्यावर दुसरा चष्मा चढवत होती. म्हणाली, "तुम्ही धरा फक्त. तुमची बोटं नट आवळायची." मी धरलं. "हलू नका," म्हणाली. टोक टेकलं, राळेचा तो धूर वर आला, सोल्डरचा थेंब चकचकीत झाला आणि मग मळकट होऊन बसला. मी सवयीने फुंकर मारायला गेलो तर माझ्या मांडीवर चापट बसली. "फुंकायचं नाय. सांधा आपला आपण गार होऊ द्यायचा." बेल परत भिंतीवर लावली, बटण दाबलं, चिमणी बोलली. "बघा," ती म्हणाली, "अजून हात चालतोय." मग मेथी निवडायला बसली. दुपारी जेवणं झाली आणि म्हणाली, छातीत भरून आल्यासारखं वाटतंय. दिवेलागणीच्या आत गेली. एवढंच. त्याच्यावर जास्त लिहायला मला येत नाही आणि लिहायचंही नाही. मला लिहायचंय ते तिच्या हाताबद्दल, कारण ते दुसरं कोणी लिहिणार नाही.

मी सातवी नापास माणूस. वणीकडून नाशिकला आलो तेव्हा मिसरूड फुटलेलं नव्हतं. वायरमनच्या हाताखाली राबलो, पॅनेलच्या तारा ओढल्या, आणि अंबडच्या एमआयडीसीत एका लहानशा गाळ्यात चिकटलो. मालक कुलकर्णी साहेब. स्वतः इंजिनिअर, स्वतःच चहा करणारा माणूस. पुढे मखमलाबादची मंगल पाहिली, लग्न झालं, आणि एमआयडीसीच्या मागे पत्र्याच्या एका खोलीत संसार मांडला. पहाटे कंपन्यांचा भोंगा झाला की खोलीतली भांडी थरथरायची. शेजारी एक लोहार होता, त्याची बायको त्याच्यापेक्षा मोठ्याने बोलायची. संध्याकाळी सगळ्या चाळीत बाजरीच्या भाकरीचा आणि भाजलेल्या मिरच्यांचा वास. मंगलचा ठेचा असा की खाणाऱ्याला बोलता येत नसे, आणि ती म्हणायची, "बरंय, जेवताना गप तरी बसता."

तिच्या माहेरी फुलशेती. मोगरा, शेवंती, झेंडू. आजी, आई, चुलत्या, सगळ्या बायका पहाटे गोणपाटावर बसून गजरे आणि हार ओवायच्या. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला, दुसरं हातात, मांडीवर ओला कपडा आणि त्यात फुलं. देवाच्या फुलाचा वास घ्यायचा नाही असं त्यांच्याकडे कडक होतं. नुसतं नाक नाही, श्वासही पडू द्यायचा नाही फुलावर. म्हणून ओवताना सगळ्या मान जरा बाजूला काढून बसायच्या आणि तोंड मिटून श्वास घ्यायच्या. मंगल लग्न होऊन आली तरी तशीच. भाकरी थापतानासुद्धा मान बाजूला. माझी आई म्हणायची, "ही पोरगी रुसलेली असते की काय सारखी?"

त्याच सुमारास गाळ्यात ती बारीक कामं आली. आधी आम्ही लावायचो ते पार्ट पायवाले. पाय भोकात घालायचा, मागून सोल्डर मारायचं, झालं. आता साहेब नवीन बोर्डं काढायला लागले, पहिलं सँपल हाताने बनवायचं, आणि त्याचे पार्ट म्हणजे राजगिऱ्याचे दाणे. भोक नाही, पाय नाही, वरच्या वर चिकटवायचे. मी चिमट्यात एक धरला आणि शिंकलो. गेला. गुडघ्यावर बसून फरशी चाचपतोय तोवर मंगल माझा डबा घेऊन आली. "काय हरवलं?" मी सांगितलं. तिने पदराचं टोक पाण्यात बुडवलं, पिळलं, फरशीवर टिप टिप करत गेली आणि पार्ट पदराला चिकटून आला. साहेबांच्या हाताखाली वैशाली मॅडम म्हणून एक तरुण इंजिनिअर मुलगी होती. ती बघत होती. हसत म्हणाली, "वहिनी, एक लावून बघता का?" मंगलने मान बाजूला काढली, तोंड मिटलं, आणि दाणा जागेवर ठेवला. मॅडमने शिकवलं तसं आधी एका बाजूला जरासं सोल्डर, त्यात दाणा टेकवून धरायचा, मग दुसरी बाजू. मॅडम भिंगातून बघत राहिली आणि मला म्हणाली, "दादा, तुम्ही उद्यापासून पॅनेल बघा."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. ती बारीक कामं माझ्या जिवावर आली होती.

मंगलला त्या कामात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर खुर्ची. बेंच म्हणजे कामाच्या टेबलापुढची, पाठ टेकायची, फिरणारी, निळ्या रेक्झिनची खुर्ची. पहिल्या दिवशी ती खुर्चीच्या टोकावर बसली, एसटीत बसतात तशी. साहेब म्हणाले, "अहो, मागे सरका, पाठ टेका." घरी येऊन तिने भाकरी थापता थापता मला सांगितलं, "आमच्या घरात माझ्या आजीपासून सगळ्या बायांनी जमिनीवर बसून जिंदगी काढली. खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिली. आता ही सोडायची नाय." मी म्हटलं, "खुर्ची घरी घेऊन ये मग." तर म्हणाली, "घरी आणून काय करू? घरी तुम्ही बसाल तिच्यावर."

पण साहेबांच्या मनात धाकधूक होती. पुण्यात मशीनवर बोर्डं बनवून देणारे झाले होते. त्यातच द्राक्षबागेचं ठिबक आपोआप चालू-बंद करणाऱ्या डब्याचं काम आलं. त्याची मुख्य आयसी, म्हणजे त्या डब्याचा मेंदू, परदेशातून कोणाच्या तरी बॅगेतून आली होती, एकच. पोस्टाच्या तिकिटापेक्षा लहान, काळी, चौकोनी, आणि चारी बाजूंनी गोमेसारखे पाय. साहेब स्पष्ट म्हणाले, "मंगलताई, हे बोर्ड चाललं तर आपलं बेंच राहील. नाही चाललं तर बारीक काम सगळं पुण्याला. मला दुसरा रस्ता नाही." मंगल म्हणाली, "चालंल." बाहेर आल्यावर मला म्हणाली, "आता खुर्ची राहती का जाती, देवाला ठाऊक."

आयसी आली आणि खंडेनवमी आली. गाळ्यात पाट मांडले, त्यावर पक्कड, ड्रिल, मीटर, आयर्न. झेंडूचे हार मंगलच्या माहेरचे. पूजेला साहेबांच्या आई आल्या होत्या, आम्ही पण त्यांना आईच म्हणायचो. त्यांनी विचारलं, "यंदा नवीन काय आलंय रे?" साहेबांनी कौतुकाने आयसीची डबी उघडून दाखवली. "मग आधी हिची पूजा," असं म्हणून आईंनी हळद-कुंकवाचं बोट सरळ आयसीवर टेकवलं. साहेब ओरडले, "आई, तिला हात नाही लावायचा!" आई म्हणाल्या, "हात कुठे लावला? बोट लावलं." सगळे हसले. वैशाली मॅडमने मऊ कपड्याने आयसी पुसून घेतली. पुसली गेली, पण पूर्ण नाही.

आता समजावून सांगतो, कारण सगळं इथेच आहे. आयसी चौकोनी असते, कशीही फिरवली तरी बोर्डावर बसते. म्हणून तिच्या एका कोपऱ्यात बारीक गोल खड्डा असतो, तो बोर्डावरच्या ठिपक्याकडे आला पाहिजे. पण या आयसीला समोरच्या कोपऱ्यातही एक खड्डा होता, जरा मोठा, साच्याचा राहिलेला. त्याला काही अर्थ नव्हता. काळ्यावर काळं, दोन्ही धड दिसत नव्हते. आईंचं कुंकू अडकलं ते त्या मोठ्या खड्ड्यात. भिंगाखाली लाल टिकलीसारखं चमकत होतं.

दसरा झाल्यावर मंगलने आयसी बसवली. आणि खड्डा ठिपक्याकडे म्हणजे कुठला खड्डा, हा प्रश्न तिच्या मनात आलाच नाही. कलश असो, नारळ असो, दारात आलेली नवी गाडी असो, कुंकू लावायचं ते पुढून. कुंकू दिसलं ती पुढची बाजू. तिने तो टिकलीचा कोपरा ठिपक्याकडे केला, आधी एक कोपरा टाचला, मग समोरचा, आणि मग एकेक पाय असा लावला की बघत राहावं. वर लिहिलेली इंग्रजी अक्षरं तिला उलटी काय आणि सुलटी काय, सारखीच.

सकाळी मॅडम आली. भिंगातून सांधे बघितले. "वहिनी, मशीन झक मारेल हो." सप्लायची वायर जोडायला हात घातला आणि तो हात तसाच थांबला. बोर्डावरची अक्षरं सुलटी होती, आयसीवरची उलटी. मॅडम हळू आवाजात म्हणाली, "सप्लाय कोणी देऊ नका, उलटी बसलीय, जळेल."

साहेब आले, त्यांनी बघितलं आणि स्टुलावर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "पाय कापून काढली तर बोर्ड वाचेल, पण आयसी जाईल. आयसी नसेल तर बोर्ड घेऊन काय करू? पार्टी परवा येतेय." मॅडम म्हणाली, "चूक माझी पण आहे, मी बसवायच्या आधी बघायला हवं होतं. गरम हवेचं मशीन असतं तर निघाली असती." ते आमच्याकडे नव्हतं. एवढ्या पायांचं सोल्डर एकदम पातळ करायला दुसरा उपाय नाही, आणि जोर लावला तर खालचं तांबं उपटून येतं, मग बोर्डही गेलं.

मंगल खुर्चीवरून उठली. बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं. परत आली ती पदराने तोंड पुसत. मॅडमला म्हणाली, "पायांच्या खालून दोरा जाईल का हो?"

"दोरा?"

"पाय जरा वाकून खाली उतरलेत. अंगाच्या आणि पायांच्या मधून पोकळ दिसतंय. एका कोपऱ्यातून दोरा घालायचा, दुसऱ्यातून काढायचा. एकेक पाय तापवायचा आणि दोरा बाहेर ओढत यायचं. फूल दोऱ्यातून काढतो तसं. एकदम नाय काढायचं, एकेक."

मॅडमने साहेबांकडे बघितलं, साहेबांनी मॅडमकडे. "करून बघू," मॅडम म्हणाली, "पण दोरा जळेल." जळलाच. गजऱ्याचा दोरा पहिल्याच पायाशी काळा पडून तुटला. मग मीच म्हटलं, शेजारच्या गाळ्यात मोटर वायंडिंग चालतं, त्यांची तार केसाएवढी असते आणि वर व्हार्निश असतं, सोल्डर धरत नाही. धावत जाऊन वीतभर मागितली. वायंडिंगवाला म्हणाला, "एवढीशी? फाशी घ्यायची म्हणशील तर उंदराला पण पुरणार नाही." त्याला काय माहीत, आमची सगळ्यांची फाशी होती ती.

आणि मग मंगल बेंचपुढे बसेना. दोनदा बसली, दोनदा उठली. "इथं जमंना," म्हणाली. "खाली बसते." साहेब म्हणाले, "खाली कुठे?" तिने कोपऱ्यातलं गोणपाट ओढलं, फरशीवर अंथरलं, खंडेनवमीचाच पाट घेतला, त्यावर बोर्ड ठेवलं. तारेचं एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळलं. एका हातात आयर्न, दुसऱ्या हातात तारेचं मोकळं टोक. मला म्हणाली, "बसा समोर. बोर्ड धरा. हलू नका." मी धरलं. वैशाली मॅडम ड्रेस सावरून फतकल मारून शेजारी बसली आणि भिंगाचा दिवा हातात धरला. साहेब उभे होते, ते पण जरा वेळाने उकिडवे बसले. माझ्या मनात आलं, ज्या खुर्चीसाठी चाललंय सगळं, ती रिकामी, आणि आम्ही चौघं जमिनीवर.

मंगलने मान बाजूला काढली. तोंड मिटलं. आधी पायांवरचं जास्तीचं सोल्डर तांब्याच्या जाळीत शोषून घेतलं. मग तार खालून सरकवली, कोपऱ्यातून बाहेर काढली. पहिल्या पायाला टोक लावलं, थांबली, तारेला नुसता ताण दिला. पाय सुटला. मला हाताला कळलं नाही, पण तिला कळलं. दुसरा. तिसरा. वायंडिंगवाल्याच्या गाळ्यातला रेडिओ ऐकू येत होता, बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारत होता, आणि आत कोणी खोकत नव्हतं. माझे हात भरून आले. पाठीत कळ उठली. मी तिच्याकडे बघत होतो. मी आधी तिला पोळ्या लाटताना पाहिलं होतं, नळावर भांडताना पाहिलं होतं, बाळंतपणात पाहिलं होतं. पण अशी नव्हती पाहिली. असं वाटत होतं की तिच्या मागे तिची आई, आजी, सगळ्या मखमलाबादच्या बाया मान बाजूला काढून बसल्यात.

तिसऱ्या बाजूला एका ठिकाणी तांब्याची बारीक पट्टी उचलली गेली. मंगलचा हात थांबला. "गेलं का?" तिने विचारलं. मॅडमने बोर्डाचा नकाशा बघितला. "गेलं नाही. तिथे बारीक तार टाकून घेऊ. चालू ठेवा." शेवटचा पाय सुटला आणि आयसी पाटावर अलगद सरकली. सगळे पाय शाबूत. साहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडताहेत. त्यांनी हात काढले आणि म्हणाले, "चहा कोण कोण घेणार?"

चहा झाल्यावर मंगलने आयसीचे पाय साफ केले, चिमट्याने दोन वाकलेले सरळ केले, मोठ्या खड्ड्यातलं कुंकू ब्रशने काढलं. कपाळाला हात लावून म्हणाली, "माफ कर गं बाई, उद्या परत लावते." मग उठली आणि खुर्चीवर जाऊन बसली. मागे सरकून, पाठ टेकून. आयसी सुलटी बसवली, तुटलेल्या पट्टीच्या जागी त्याच वायंडिंगच्या तारेचा, व्हार्निश खरवडून, केसाएवढा पूल टाकला. मॅडमने सप्लाय दिला. हिरवा दिवा लागला, विझला, लागला. आणि मोटर चालू करणारा रिले वाजला, टक्क. तो टक्क मला अजून ऐकू येतो. देवळातली घंटा एकीकडे आणि तो टक्क एकीकडे.

ठरल्या दिवशी ती पार्टी, म्हणजे द्राक्ष बागायतदार, आला, त्याने टक्क ऐकला, डोकं हलवलं आणि म्हणाला, "आता रात्री मोटर चालू करायला उठायला नको." त्याला बाकीचं काही माहीत नव्हतं, आणि कोणी सांगितलंही नाही. बेंच राहिलं. मंगल त्याच्यापुढे वर्षानुवर्षं बसली. पुढे साहेबांनी गरम हवेचं मशीन आणलं, नंतर सगळंच काम मशीनवर गेलं, पण पहिलं सँपल मंगलच लावायची. तिच्या हाताखाली ज्या मुली शिकल्या त्या आज कुठे कुठे आहेत. सगळ्या मान बाजूला काढून काम करतात. त्यांना विचारा का, तर सांगता येणार नाही.

पुढच्या खंडेनवमीला आई परत आल्या. हळद-कुंकवाचं ताट घेऊन त्या सगळ्या हत्यारांवरून फिरल्या आणि त्या वर्षीच्या नव्या आयसीच्या डबीजवळ थांबल्या. साहेबांनी डबी पाठीमागे लपवली. आई म्हणाल्या, "नाही लावत रे बाबा तुझ्या त्या आयसीला." त्या बेंचकडे गेल्या आणि मंगलच्या निळ्या खुर्चीच्या पाठीवर, अगदी मधोमध, पाच बोटं ओढली. तो डाग रेक्झिनवरून कधी गेला नाही. तिने तो घालवायचा प्रयत्नही केला नाही.

आता बेलचं राहिलं ते सांगतो. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं होतं. सटाण्याला दिलेली आमची सोनाली आदल्या रात्रीच पोचली होती. शेजारच्यांनी चहाचा थर्मास आणून ठेवला होता. मला कोणी काही करू देईना. मी चपला घातल्या आणि खाली उतरलो. डेअरीवाल्याला काही माहीत नव्हतं. त्याने विचारलं, "नेहमीचंच ना काका?" मी म्हटलं, "नेहमीचंच." पिशवी घेऊन जिना चढलो. दार सताड उघडं होतं, अशा घराचं असतं तसं. आतून बायकांचा आवाज येत होता. मी बाहेर उभा राहून दार ओढून घेतलं, लॅच लागल्याचा आवाज येईपर्यंत. आणि बेल दाबली.

चिमणी बोलली. स्पष्ट, जराही न अडखळता.

सोनालीने धावत येऊन दार उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते. "बाबा, दार उघडंच होतं की. आणि किल्ली आहे ना तुमच्या खिशात?"

"आहे."

"मग?"

"तुझ्या आईचा सांधा बघत होतो," मी म्हणालो. दुधाची पिशवी तिच्या हातात दिली आणि परत एकदा बटण दाबलं.